जबलपूरमधली न दिसणारी तळी

आधी एक छोटंसं काम करा. हातातल्या फोनवर मॅप उघडा आणि जबलपूर शोधा. मग शहरातल्या भागांची नावं वाचत जा. राणीताल, चेरीताल, अधारताल, हनुमानताल, हाथीताल, भंवरताल, मढोताल... 'ताल' म्हणजे तळं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हा खेळच द्या. जितकी तालाची नावं सापडतील तितके गुण, आणि नावाशेजारी निळा ठिपका दिसला तर दुप्पट. दुप्पट गुण फार मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्यापैकी बहुतेकांचं जबलपूर म्हणजे भेडाघाट. संगमरवरी कडे, धुआंधार धबधबा, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर ग्वारीघाटावर नर्मदेचं दर्शन. नर्मदा परिक्रमा करणारी मराठी माणसं तर या वाटेने वर्षानुवर्षं जात आली आहेत. पण शहरात कुणी थांबत नाही. स्टेशनवर उतरायचं, टॅक्सी करायची, थेट भेडाघाट. माझं म्हणणं एवढंच की पुढच्या वेळी एक दिवस शहरासाठी राखून ठेवा. एखादं शहर कसं वसतं, कसं वाढतं आणि वाढताना काय गिळतं, हे जबलपूरइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं.

सुरुवात मदन महालाच्या टेकडीपासून करा. वर एका प्रचंड शिळेवर गोंड राजांनी बांधलेली छोटीशी गढी आहे. किल्ला म्हणून तो तसा चिमुकलाच. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला 'एवढाच?' असं वाटेल. पण इथे यायचं ते किल्ल्यासाठी नाही, उतारासाठी. आजूबाजूला नुसता ग्रॅनाइट आहे. जवळच तो प्रसिद्ध बॅलन्सिंग रॉक आहे, दगडावर टेकलेला दगड. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपात शहरातली आणि आसपासच्या गावांतली घरं कोसळली, माणसं गेली, पण हा दगड जागचा हलला नाही, हे तुम्हाला इथला प्रत्येक रिक्षावाला सांगेल.

ग्रॅनाइटवर पडलेला पाऊस मुरत नाही, धावतो. आणि जबलपूरला पाऊस भरपूर, वर्षाला १३०० मिलीमीटरहून जास्त, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे चार महिने पाण्याचा लोंढा आणि आठ महिने कोरड. टेकड्यांच्या पायथ्याशी राजधानी वसवणाऱ्या गोंड राजांनी यावर एक साधा उपाय शोधला. उताराखाली बांध घालायचा, पाणी अडवायचं. एका तळ्याच्या सांडव्यावरून वाहिलेलं पाणी खालच्या तळ्यात, तिथून पुढच्यात. लोंढा वाटेतच दमतो, तळी भरतात, आसपासच्या विहिरींना पाणी लागतं. 'बावन ताल, चौऱ्याऐंशी तलैया' असं इथले लोक अजून म्हणतात. तलैया म्हणजे छोटं तळं. आकडा मोजून केलेला आहे की बोलण्याच्या लयीत आलेला, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नकाशावरच्या नावांवरूनच कळतं की खूप होती.

टेकडीवरून उतरून बाजनामठाच्या बाजूला आलात की संग्रामसागर दिसतो. राजा संग्राम शाहच्या नावाचं हे तळं अजून आहे. बांधावर पाच मिनिटं उभे राहा. मागे टेकडी, पुढे पाणी. जवळजवळ पाच शतकांपूर्वीचा नगररचनेचा धडा एका नजरेत मावतो. याच संग्राम शाहची सून म्हणजे राणी दुर्गावती. पती दलपत शाहच्या मृत्यूनंतर तिने लहान मुलाच्या वतीने राज्य केलं आणि १५६४ मध्ये अकबराच्या सैन्याशी लढताना प्राण दिला. मुलांच्या पुस्तकात ती हत्तीवर बसून लढणारी वीरांगना असते. जबलपूरमध्ये मात्र तिची ओळख तळी बांधणारी राणी अशीही आहे.

इथल्या लोकांकडून एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. राणीने तळं बांधलं ते राणीताल. तिच्या दासीने, म्हणजे चेरीने, आपलंही एक तळं असावं म्हणून बांधलं ते चेरीताल. आणि दिवाण अधारसिंह कायस्थाचं ते अधारताल. इतिहासाच्या कसोटीवर दासीची गोष्ट किती टिकेल, मला शंका आहे. पण मला ती आवडते. राणी, दिवाण आणि दासी तिघांनाही आपलं नाव पाण्याला द्यावंसं वाटलं असं सांगणारी दंतकथा मी तरी दुसरीकडे ऐकलेली नाही.

आता राणीतालला चला. तिथे क्रीडा संकुल आहे, भरपूर वाहनं आहेत आणि डोक्यावर उड्डाणपूल. मदन महालपासून दमोह नाक्यापर्यंत जाणारा, जवळजवळ सात किलोमीटर लांबीचा हा पूल ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. मदन महाल स्टेशनवर त्याचा केबलने तोललेला भाग खरोखर देखणा आहे. मुलांना तो नक्की आवडेल, संध्याकाळी तिथे फोटो काढणाऱ्यांची कमी नसते. चेरीताल ही आता घरांची, दुकानांची गजबजलेली वस्ती. भंवरतालला बाग आहे. ओशो जबलपूरला शिकत होते तेव्हा याच बागेतल्या मौलश्रीच्या झाडाखाली त्यांना आत्मज्ञान झालं असं त्यांचे अनुयायी मानतात. मौलश्री म्हणजे आपली बकुळ. अधारतालला पाणी आहे, पण नावाचा पसारा पाण्यापेक्षा कितीतरी मोठा झाला आहे.

यात जबलपूरला हसण्यासारखं काही नाही. मुंबईत धोबी तलावला उतरणाऱ्या माणसाला तलाव कुठे दिसतो? गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी ही सगळी पाण्याचीच नावं. पुण्यात सारसबागेतल्या गणपतीला अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात, कारण तो खरंच तळ्यात होता. नळाचं पाणी घरात आलं की तळ्याची गरज संपली असं वाटायला लागतं. मग त्यात कचरा जातो, सांडपाणी जातं, डास होतात, वास येतो, आणि एक दिवस 'हे बुजवून टाका' ही मागणी लोकच करतात. बुजवलेली जागा शहराच्या मधोमध असते. ती रिकामी राहत नाही.

इथे एका परदेशी म्हाताऱ्याची ओळख करून द्यायला हवी, कारण तो या सगळ्याच्या मधोमध जबलपूरला येऊन गेला होता.

पॅट्रिक गेडिस. जन्म १८५४, स्कॉटलंडचा. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ. तरुणपणी डोळ्यांच्या दुखण्यामुळे सूक्ष्मदर्शकाचं काम कठीण झालं, तेव्हा त्याने वनस्पती बघायच्या त्याच नजरेने शहरं बघायला सुरुवात केली. १९१४ मध्ये तो भारतात आला. शहरांविषयीचं त्याचं मोठं प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रं, आराखडे, दुसऱ्या जहाजाने येत होतं. पहिलं महायुद्ध सुरू झालेलं होतं आणि 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. आयुष्यभराचं काम समुद्रात गेलं. मित्रांनी धावपळ करून नवं साहित्य जमवून पाठवलं आणि काही महिन्यांतच मद्रासला प्रदर्शन भरलंही. माणूस असा होता.

पुढची दहा वर्षं तो भारतातल्या गावोगावी फिरला आणि शहरांचे अहवाल लिहीत गेला. त्यातलाच एक जबलपूरच्या नगरपालिकेसाठी लिहिलेला, १९१७ सालचा. ते वर्ष त्याच्यासाठी फार वाईट होतं. एप्रिलमध्ये मोठा मुलगा फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. पत्नी ॲना भारतातच आजारी होती, तिला ही बातमी त्याने सांगितली नाही. जूनमध्ये तीही गेली. अशा वर्षात तो आपल्या गल्ल्या, विहिरी आणि घाटांबद्दल लिहीत होता, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे बघा.

त्या काळी साहेबाची नगररचना म्हणजे पट्टी आणि पेन्सिल. जुन्या वस्तीवर सरळ रेघ ओढायची, मधली घरं पाडायची आणि रुंद रस्ता काढायचा. रोगराई हटवण्याचं कारण पुढे करायचं. घरं गेलेली माणसं शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहायला जायची आणि रोगराई तिथे. गेडिसचा या पद्धतीवर राग होता. डॉक्टर जसा आधी नाडी बघतो आणि मग औषध देतो, तसं आधी शहराचं निदान करा, मग आराखडा, असं तो सांगायचा. तो स्वतः गल्लीगल्लीतून पायी फिरायचा. कुठलं घर खरंच पडायला आलंय, कुठे एक भिंत काढली तर छोटा चौक मोकळा होतो, कुठलं झाड आणि कुठली विहीर राखायची, हे बघायचा. कमीत कमी कापाकापी. आज वास्तुशास्त्राच्या आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत त्याच्या नावानेच शिकवतात.

आणि तळी? मलेरियाच्या भीतीने तळी बुजवण्याची तेव्हा लाटच होती. गेडिस आपल्या अहवालांमधून पुन्हा पुन्हा उलट सांगत राहिला. तळं हवा थंड ठेवतं, पुराचं पाणी पोटात घेतं, विहिरी जिवंत ठेवतं. डास झाले तर त्यात मासे सोडा, काठ स्वच्छ करा, पण बुजवू नका. शंभर वर्षांनी आता हेच सगळं आपण मोठमोठ्या परिषदांमधून नवीन शोध असल्यासारखं ऐकतो.

मुलांना सांगण्यासारखा त्याचा एक किस्सा इंदूरचा आहे. तिथे प्लेगचा जोर होता. गेडिसने दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील तिथूनच मिरवणूक जाईल. सगळं शहर झाडू घेऊन बाहेर पडलं. मिरवणुकीत प्लेगचा एक भलामोठा उंदीर होता, शेवटी तो जाळला. इंदूर आज स्वच्छतेत पहिला नंबर पटकावतं तेव्हा मला हा उंदीर आठवतो. (संबंध जोडू नये, कळतं. तरी आठवतो.)

गेडिसचं आपल्याशी आणखी एक नातं आहे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचा तो पहिला प्रमुख. त्याने हेरून इंग्लंडला पाठवलेला तरुण म्हणजे मालवणचे गो. स. घुर्ये, भारतातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासाचा पाया घालणारे.

आता पुन्हा रस्त्यावर. जबलपूर दोन शहरांचं एक शहर आहे आणि मधली रेघ रेल्वेची. १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे इथपर्यंत आली, १८७० मध्ये मुंबईकडची लाइन येऊन तिला मिळाली आणि मुंबई ते कलकत्ता सलग गाडी शक्य झाली. स्टेशनच्या एका बाजूला सिव्हिल लाइन्स आणि छावणी, म्हणजे रुंद रस्ते, मोठमोठी आवारं, जुनी झाडं. दुसऱ्या बाजूला फुहारा, कमानिया गेट, सराफा, खांद्याला खांदा घासणारी गर्दी. मधल्या पट्ट्यात राइट टाउन, नेपियर टाउन यांसारखे आखीव भाग आणि गोल बाजार. गोल बाजार पायी फिरताना विशेष काही वाटणार नाही. फोनवर उपग्रहाचं चित्र लावा, मग वर्तुळं दिसतील. कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचं स्मारक, सुभाषबाबू निवडून आले तेच अधिवेशन. त्या भागात गेलात की खव्याची जिलबी खा. ती जाड, काळपट दिसते, पहिल्यांदा बघून मुलं नाक मुरडतात. एक घास खाल्ल्यावर मुरडत नाहीत.

जबलपूर आपल्याला परकं वाटतं, पण ते फार लांबचं नाही. १७८१ नंतर इथे मराठ्यांचा अंमल होता, आधी सागरकरांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, १८१७ पर्यंत. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. मध्य प्रदेश झाला तेव्हा राजधानी जबलपूरला व्हावी अशी राज्य पुनर्रचना आयोगाची शिफारस होती. राजधानी भोपाळला गेली, जबलपूरला उच्च न्यायालय मिळालं. इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात ही खंत अजून येते.

खंत असो, योजना मात्र येत राहिल्या. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत पुणे, सोलापूर यांच्याबरोबर जबलपूरचंही नाव होतं. आता शहराभोवती शंभर किलोमीटरहून लांब रिंग रोड होतो आहे. पण पावसाळ्यात मोठी सर आली की ओमती नाला आणि मोती नाल्याच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरतंच. पाण्याला जुना रस्ता आठवतो. आपण त्याच्या थांबायच्या जागा काढून घेतल्या, धावायचा वेग तोच राहिला.

तळी बुजवली तर पाणी घरात शिरतं, हे सोपं झालं. काही प्रश्न सोपे नाहीत. मदन महालच्या टेकडीवर अनेक वर्षांत मोठी वस्ती झाली होती. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ती हटवण्यात आली. टेकडी मोकळी झाली हे डोळ्यांना छान दिसतं, पण तिथे राहणारे लोक हौस म्हणून दगडावर राहत नव्हते. शहराच्या आराखड्यात त्यांच्यासाठी परवडणारी जागाच कुठे नव्हती. यातले काही शहरात का आले हे शोधत गेलं तर आपण बरगी धरणापर्यंत पोचतो. नर्मदेवरचं हे धरण जबलपूरच्या वरच्या अंगाला आहे, १९९० च्या सुमारास त्याचं पाणी पूर्ण भरलं आणि दीडशेहून जास्त गावांना त्याची झळ बसली. विस्थापितांपैकी कित्येक जण जबलपूरला येऊन सायकलरिक्षा ओढू लागले, मिळेल तिथे झोपडी बांधू लागले. म्हणून शहराचा आराखडा शहराच्या हद्दीपुरता करून चालत नाही, आसपासचा सगळा प्रदेश हिशोबात धरावा लागतो. गेडिसने हेही सांगून ठेवलं होतं.

हा आराखडा करतं कोण? जबलपूरमध्ये एखाद्या सरकारी पाटीवर तुम्हाला 'नगर तथा ग्राम निवेश' असं लिहिलेलं दिसेल. हिंदीत निवेश म्हणजे गुंतवणूकही, त्यामुळे मला आधी वाटलं पैसे गुंतवायचं ऑफिस असेल. ते नगररचना खातं. १९७३ च्या कायद्याप्रमाणे ते शहराची विकास योजना तयार करतं, मसुदा लोकांसमोर ठेवतं आणि किमान तीस दिवस लोकांकडून 'आपत्ति' मागवतं. आपत्ति म्हणजे हरकत. मराठीत वाचलं की सरकार संकटं मागवतंय असं वाटतं.

आपल्याकडेही हेच आहे. आपला कायदा १९६६ चा, आपण त्याला डीपी म्हणतो. मसुदा प्रसिद्ध झाला की वर्तमानपत्रात बारीक अक्षरात सूचना येते, नकाशा पालिकेत लावतात, बऱ्याच ठिकाणी वेबसाइटवरही टाकतात. त्या मुदतीत कुणीही साध्या कागदावर हरकत लिहून देऊ शकतं. तळ्याच्या जागेवर कुठलं आरक्षण टाकलंय, मैदानाचं काय केलंय, आपल्या गल्लीतून रस्ता किती फुटांचा दाखवलाय, हे सगळं त्या रंगीत नकाशात असतं. बहुतेक घरांत तो नकाशा पहिल्यांदा उघडला जातो तो घर विकताना, तेव्हा मुदत संपून दहा वर्षं झालेली असतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण जरी वेळेवर ही सूचना टाकणारा असेल तर खूप फरक पडतो.

जायचं कधी, तर पाऊस संपल्यावर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भेडाघाटची नौकासफर बंद असते आणि नर्मदेला पूर आला की धुआंधार स्वतःच पाण्याखाली जातो. मुंबईहून गरीबरथने रात्रीत पोचता येतं. नागपूरहून गाडीने गेलात तर पेंचच्या जंगलात रस्ता मुद्दाम खांबांवर उचललेला दिसेल, खालून जनावरांना जाता यावं म्हणून. तिथे मुलांना झोपू देऊ नका. आणि शहरात दिवस संपवायला हनुमानताल गाठा. गल्ल्या अरुंद आहेत, गाडी फुहाऱ्यापाशी सोडून ई-रिक्षा करा. काठावर किल्ल्यासारखं दिसणारं जैन मंदिर आहे, इतर देवळं आहेत, आणि चारही बाजूंनी घरांनी वेढलेलं पाणी. पाणी स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. पण ते आहे. संध्याकाळी पायऱ्यांवर म्हातारी माणसं बसलेली असतात. त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, लहानपणी अशी तळी किती पाहिली होती. ते बोटं मोजायला लागतील, आणि एका हाताची त्यांना पुरणार नाहीत.